घाट चढायच्या आत सांगा : मेळघाटच्या गावांनी पर्यटकांशी कसं बोलावं

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. अमरावती, अकोला, नागपूर, पलीकडून बैतूल-बऱ्हाणपूर, सगळीकडून माणसं येतात. धुकं बघतात, भुट्टा खातात, भीमकुंडापाशी फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत उतरतात. वर काय राहून गेलं ते सोमवारी सकाळी गावातल्या बाया खराटे घेऊन निघतात तेव्हा कळतं.

पर्यटकांनी कसं वागावं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण ते त्यांच्यापर्यंत पोचवायचं कुणी, कुठे आणि कोणत्या शब्दांत, यावर फारसं कुणी बोलत नाही. हा लेख त्यासाठी आहे. ग्रामसभेतली मंडळी, बचत गट, जिप्सीवाले, गाइड, होमस्टे चालवणारे, घाटातले टपरीवाले आणि गावच्या शाळेतले गुरुजी-मॅडम यांना समोर ठेवून तो लिहिला आहे. उदाहरणं मेळघाटची आहेत, पण नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा विदर्भातल्या दुसऱ्या एखाद्या डोंगरी अभयारण्याजवळ राहणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी एक रविवार नुसतं बघा

बोर्ड रंगवायची, टोप्या छापायची घाई करू नका. गर्दीच्या दिवशी गावातली चार-पाच पोरं-पोरी वही-पेन देऊन वेगवेगळ्या ठिकाणी बसवा. एक जण घाटाच्या पायथ्याशी, एक मोथ्यासारख्या थांब्याजवळ, एक पॉइंटवर, एक तलावाकाठी. त्यांनी कुणाला काही सांगायचं नाही. नुसतं टिपायचं : गाडी कुठे थांबते, माणसं उतरल्यावर पहिलं काय करतात, कचरा नेमका कुठे पडतो, बाया कुठे जातात, मुलं माकडांना काय देतात, मोठा आवाज कुठे लावला जातो.

यातून एक गोष्ट हमखास दिसते. कचरा डोंगरभर सारखा पसरलेला नसतो. गाडी उभी करण्यासारख्या रुंद वळणावर, टपरीच्या मागच्या उतारावर, कठड्याच्या पलीकडे आणि पाण्याच्या काठावर तो साचतो. अशा सात-आठ जागा हाती लागल्या की पुढचं सगळं काम त्याच जागांवर करायचं. गावाचा हातनकाशा काढून त्या जागा लाल खडूनं दाखवा आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

जागा कुणाच्या अखत्यारीत, ते लिहून काढा

इथे बऱ्याच चांगल्या मोहिमा अडकतात. एकाच रस्त्यावर चिखलदरा नगर परिषदेची हद्द, ग्रामपंचायतीची हद्द, वनखात्याची जमीन, बांधकाम विभागाचा रस्ता आणि एखाद्या देवस्थानाची जागा असते. नकाशातल्या प्रत्येक लाल खुणेपुढे त्या जागेचा धनी कोण ते लिहा.

मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला तो एक. गाभा क्षेत्र, त्यातलं गुगामल राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि भोवतालचं बफर, या प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय बाहेरच्या माणसाला शिरता येत नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन चालू शकतं. तेव्हा "आमच्या गावामागून जंगलात एक मस्त वाट आहे, ट्रेक काढू" असं कुणी म्हणालं तर आधी वनपालाला भेटा. जंगलात साधी पाटी ठोकायची तरी परवानगी लागते.

गावाच्या हातातही काही कमी नाही. चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात, म्हणजे पेसा कायद्यानं ग्रामसभेला जास्तीचे अधिकार मिळतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेली गावं तर त्या जंगलाचं राखण आणि व्यवस्थापन स्वतः करू शकतात. पायविहीर गावानं उजाड झालेला डोंगर पुन्हा हिरवा केला आणि तिथली सीताफळं बाजारात नेली, ती याच हक्काच्या जोरावर. म्हणून पर्यटकांसाठीचे नियम ग्रामसभेच्या ठरावानं करा. ठरावाची प्रत वनखातं, पोलीस ठाणं आणि तहसील, तिघांकडे द्या. उद्या कुणी हुज्जत घातली तर तुमच्या हातात कागद असला पाहिजे.

सांगायला एकच गोष्ट निवडा

"निसर्ग वाचवा", "वाघ वाचवा", "वसुंधरा जपा" हे वाचून कुणी हातातली बाटली खिशात ठेवल्याचं मी पाहिलं नाही. ऐकणाऱ्याला स्वतःचं काही त्यात दिसलं पाहिजे. आणि आपल्याकडे सांगण्यासारखी एक जबरदस्त गोष्ट आहे : पाणी.

चिखलदऱ्याला येणारे किती तरी लोक दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा या भागातले. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहीर खणली तर पाणी खारट लागतं. तिथल्या शेकडो गावांची तहान शहानूर आणि वान या धरणांच्या पाण्यावर भागते, आणि ही दोन्ही धरणं याच डोंगरांच्या पायथ्याशी आहेत. सातपुड्यावर पडलेला पाऊस जंगलात मुरतो, नाल्यांनी खाली येतो आणि नळानं त्यांच्या घरी जातो. उत्तरेकडच्या उतारावरच्या सिपना, खापरा, खंडू, गडगा या नद्या तापीला मिळतात. म्हणजे बऱ्हाणपूरच्या पाहुण्यालाही हे सांगता येतं.

तलावात गाडी धुणाऱ्या माणसाला "प्रदूषण करू नका" म्हटलं की तो खांदे उडवतो. "दादा, हे पाणी खाली लोक पितात, तुमच्याकडचेही पीत असतील," म्हटलं की निदान थांबतो. मी तरी सगळा संदेश या एका धाग्यावर ओवीन. कचरा, आग, साबण, शौच, सगळं शेवटी पाण्यापाशीच येतं. वाघाची गोष्ट जरूर सांगा, पण ती सफारीतल्या माणसाला. पॉइंटवर आलेल्या कुटुंबाला वाघ दिसणार नसतो आणि तो आपला प्रश्न आहे असंही त्याला वाटत नाही.

सांगायची जागा : घाटाचा पायथा

साऱ्या लेखात हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पॉइंटवर "प्लास्टिक आणू नका" अशी पाटी लावून काय साधणार? माणूस पाण्याचं खोकं, चिप्सच्या पुड्या आणि थर्माकोलच्या प्लेटा डिक्कीत घालून वर आलेला असतो. तो काही त्या परत खाली ठेवून येत नाही. जे सांगायचं ते त्याची खरेदी व्हायच्या आत सांगायला हवं, म्हणजे परतवाड्यात, धामणगाव गढीला, घटांगकडून येणारा असेल तर घाट लागायच्या आत आणि अकोटकडून शहानूर-नरनाळ्याला जाणारा असेल तर पोपटखेडला.

त्यासाठी तीन कामं करा.

पहिलं, पायथ्याच्या दुकानदारांना धरा. पेट्रोल पंप, नाश्त्याची दुकानं, पाण्याच्या जारवाले आणि लॉजचे मॅनेजर यांची एक बैठक घ्या. त्यांना धंदा सोडायला सांगू नका, वेगळा धंदा दाखवा. वीस लिटरच्या जारमधून बाटली भरून देणं, पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण विकणं, कापडी पिशवी भाड्यानं देणं. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या प्लेटा, पेले, चमचे, स्ट्रॉ आणि थर्माकोलची सजावट देशभर बंद आहे आणि महाराष्ट्रात त्याआधी २०१८ पासूनच बंदी आली, हेही त्यांना समजावून सांगा. पण एक भान ठेवा : पाण्याची बाटली आणि चिप्सची पुडी त्या यादीत नाही. "सगळं प्लास्टिक बंद आहे" असं धमकावून सांगाल तर एखादा जाणकार पाहुणा तुम्हाला खोटं पाडेल आणि मग तुमच्या खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

दुसरं, स्वागत नाका लावा. गर्दीच्या दिवशी सकाळी आठ ते दुपारी एक, बचत गटाच्या दोन बाया आणि दोन तरुण. गाडी अडवायची नाही. तपासणी नाक्यावर किंवा चहाच्या थांब्यावर ती आपसूक हळू होते, तिथेच उभं राहायचं. बोलणं मिनिटभराच्या आत संपलं पाहिजे. साधारण असं :

"नमस्कार जी. कुठून आले? दर्यापूर? मग तुमच्या नळाले याच डोंगराचं पाणी येते. ही पिशवी घ्या, कचरा यातच टाका अन् उतरताना इथंच परत द्या. माकडाले काही देऊ नका. अन् वर धुकं आहे, गाडी हळू घ्या."

बस, एवढंच. आपल्या बोलीत, हसून, हात न जोडता. हात जोडून विनवण्या केल्या की समोरच्याला वाटतं आपण उपकार करतो आहोत. हा डोंगर तुमचा आहे, तुम्ही घरधन्यासारखं बोला.

तिसरं, मोबाइल. जिप्सी किंवा खोली आरक्षित केली की पाहुण्याच्या व्हॉट्सॲपवर आदल्या दिवशी एक निरोप जाऊ द्या. त्यात फोटो नको, कविता नको. काय आणावं (गडद रंगाचे कपडे, स्वतःची बाटली, बॅटरी, पावसाळ्यात कपड्यांची एक जोडी जास्तीची), काय आणू नये (स्पीकर, फटाके, सुटे पाण्याचे पाउच) आणि वर काय मिळत नाही, इतकंच. काही भागांत रेंज जाते हेही लिहा, नाही तर घरचे काळजी करतात.

पाटी लिहिताना

आपल्या पाट्या बहुतेक उपदेश करतात. चांगली पाटी पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं ते सांगते. उदाहरण घ्या. "स्वच्छता राखा" याऐवजी "या वळणापुढे कचरापेटी नाही. पिशवी गाडीतच ठेवा." "वन्यप्राण्यांना त्रास देऊ नका" याऐवजी "इथे रस्ता ओलांडताना माकडं गाडीखाली येतात. खायला टाकू नका, गाडी थांबवू नका." "धोका" एवढंच लिहिण्याऐवजी "कठड्यापलीकडचा दगड शेवाळानं निसरडा आहे. फोटो इथूनच काढा." आणि खाली बाण दाखवून फोटोसाठी खरोखर चांगली, सुरक्षित जागा करून द्या. नाही म्हणताना दुसरी वाट दाखवली की माणूस ऐकतो.

एका पाटीवर एकच गोष्ट. वर मराठी, खाली हिंदी. अक्षर गाडीतून वाचता येईल इतकं मोठं. झाडाला खिळा ठोकायचा नाही. फ्लेक्स वापरूच नका, दोन पावसाळ्यांत तो फाटून स्वतःच कचरा होतो. पत्र्यावर ऑइलपेंट, किंवा दगडावर रंगवलेली ओळ. पाट्यांची संख्या कमी ठेवा आणि लाल खुणांच्या जागीच लावा.

बोलणारी माणसं तयार करा

गाइड आणि जिप्सीचालक हे मोहिमेचे खरे शिक्षक. पाहुणा त्यांच्यासोबत तीन-चार तास बांधलेला असतो. पण त्यांच्यावर दबावही तितकाच असतो : "वाघ दाखवला तर टिप देतो." ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली, गाइड आणि चालकांवर कारवाई झाली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. गाडीतले पाहुणे आपापल्या घरी गेले. रोजगार गेला तो गावातल्या पोरांचा. प्रशिक्षणात हे उदाहरण जरूर सांगा आणि चालकांनी एकमेकांत ठरवून घ्यावं : प्राण्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावायच्या नाहीत, तो चालतो आहे त्या दिशेचा रस्ता मोकळा ठेवायचा, आणि टिपेसाठी जो हे मोडेल त्याची पाळी पुढच्या आठवड्यात लागणार नाही.

त्याच वेळी गाइडच्या हातात वाघाशिवायचा खजिना द्या. मेळघाटात वाघ सहज दिसत नाही. डोंगर उभे, दऱ्या खोल, सागाचं जंगल दाट. मग रानगवा, चौशिंगा, अस्वल, रानकुत्रे यांच्या खुणा वाचायला शिकवा. आणि रानपिंगळ्याची गोष्ट सांगायला शिकवा. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षं हा छोटा पिंगळा कुणाला दिसला नव्हता, तो संपला असंच मानलं जात होतं. १९९७ मध्ये तो खानदेशात शहाद्याकडे पुन्हा सापडला आणि नंतर कळलं की मेळघाट हे त्याचं मोठं माहेर आहे. तो दिवसाउजेडी वावरतो, म्हणजे सकाळच्या उन्हात फांदीवर बसलेला दिसू शकतो. ही गोष्ट नीट सांगितली तर वाघ न दिसलेली गाडीही समाधानानं परत जाते. फक्त एक ध्यानात असू द्या : मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो खाणं, पिलं सोडून धावत येतो. हट्टी फोटोवाल्यांना हे कारणासकट सांगा. कारण सांगितलं की बहुतेक जण मानतात.

माकडांचंही तसंच. "पाप लागते" म्हणून काम होत नाही, कारण लोक पुण्य म्हणूनच केळी-फुटाणे टाकतात. काळ्या तोंडाच्या या वानराचं पोट पाला पचवण्यासाठी घडलेलं आहे. बिस्किटं आणि तळलेलं खाऊन त्याला त्रास होतो, आणि खाण्याच्या आशेनं टोळीच्या टोळी रस्त्यावर बसायला लागते. मग गाडीखाली येतात ती बहुधा पिलं.

कचरा : पिशवी देऊन भागत नाही

पिशवी दिली तर ती परत घेणारा माणूस संध्याकाळी तिथे हवा. पाचनंतर नाका ओस पडला तर भरलेल्या पिशव्या नाक्याच्याच बाजूला फेकलेल्या सापडतील. म्हणून सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन पाळ्या लावा. प्रत्येक पिशवीवर क्रमांक घालून वहीत गाडीचा नंबर लिहिला तर परत येण्याचं प्रमाण वाढतं. लोकांना आपली नोंद झाली आहे एवढं कळलं तरी पुरतं.

पैशांची हमीही घेता येते. तामिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूच्या बाटलीमागे दहा रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली आणून दिली की परत करतात. काचेचे तुकडे हत्तींच्या आणि हरणांच्या पायात जात होते म्हणून न्यायालयाच्या सांगण्यावरून ते सुरू झालं. आपल्याकडच्या टपऱ्यांना आपसात ठरवून पाण्याच्या बाटलीवर असाच प्रयोग करून बघता येईल. अट एकच : घाटातल्या सगळ्या टपऱ्यांनी करायचं. एकानं जरी सोडलं तरी गिऱ्हाईक तिकडे जातं.

जमा झालेला कचरा डोंगरावर जाळायचा नाही आणि पुरायचाही नाही. रानडुकरं, अस्वलं तो उकरतात. सुका माल बांधून परतवाड्याच्या भंगारवाल्याकडे खाली न्या. परतणाऱ्या टेम्पोवाल्याशी भाडं आधीच ठरवून ठेवा. ओलं, म्हणजे भुट्ट्याची सालं आणि पत्रावळी, गावातल्या खतखड्ड्यात.

रोडग्याचा विस्तव

विदर्भातल्या माणसाला डोंगर दिसला की रोडगे, म्हणजे विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, आठवतात. गोवऱ्या रचायच्या, रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, झाडाखाली पंगत. बहिरमच्या यात्रेत हंडीतल्या मटणासोबत तेच. ही आपली हौस आहे, तिला नावं ठेवून उपयोग नाही. पण गोवरीचा विस्तव फसवा असतो. वरून पांढरी राख दिसते, हात धरला तरी गरम लागत नाही आणि आतमध्ये निखारा तासन् तास धगधगत राहतो. पाणी शिंपडून माणसं निघून जातात. दुपारी वारा सुटला की राख उडते, सागाचा वाळका पाला पेट घेतो आणि उभ्या उतारावर आग बघता बघता माथ्यावर जाते.

वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतं. त्याआधी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढल्या जातात, हंगामी अग्निरक्षक नेमले जातात आणि ते बहुतेक आपल्याच गावातले असतात. याच दिवसांत मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्त्याला गावही जंगलात असतं. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायची जुनी सवय आहे. पर्यटकाला आगीचं सांगण्याआधी गावानं आपल्यापुरता त्यावर निर्णय घ्यावा : पाला जाळण्याऐवजी झाडून गोळा करायचा किंवा झाडाखाली जाळी अंथरायची. नाही तर पाहुणा बोट दाखवणार आणि आपल्याकडे उत्तर नसणार.

पर्यटकांसाठी हे करा. अभयारण्याच्या हद्दीत चूल, गोवऱ्या, शेकोटी काहीच नाही. तिथे विस्तव पेटवणं किंवा जळता सोडून जाणं हा वन्यजीव कायद्याच्या कलम ३० खाली गुन्हा ठरू शकतो. पण हद्दीबाहेर, गावठाणात किंवा ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत रोडग्यासाठी एक ठिकाण मुद्दाम तयार करा. भोवतालची दहा-बारा पावलं जमीन पाला-गवत काढून स्वच्छ, दगडी ओटा, बाजूला पाण्याची टाकी आणि वाळूचा ढीग. गोवऱ्या गावानंच विकायच्या, हवे तर वाढणारी माणसंही गावची. जाताना राख फावड्यानं पसरवायची, पाणी ओतायचं, पुन्हा उलटवायची आणि हाताच्या मागच्या बाजूनं गरम लागत नाही ना ते तपासायचं. हे काम पाहुण्यावर सोडू नका, जागा सांभाळणाऱ्यानंच करायचं. लोकांची हौस होते, गावाला चार पैसे मिळतात आणि जंगलात चोरून पेटणाऱ्या चुली कमी होतात.

धूर दिसला तर वनखात्याचा टोल फ्री क्रमांक १९२६. हा आकडा पाटीवर, जिप्सीत आणि प्रत्येक खोलीच्या दारामागे असू द्या.

कोरकू गावात पाहुणा आला तर

इथे मी थोडं परखड लिहितो. कोरकू आदिवासींच्या ढाण्यात (वस्तीत) गाडी घालायची, अंगणात बसलेल्या आजीचा न विचारता फोटो काढायचा, पोरांना चॉकलेटं उधळायची आणि "किती साधे लोक" म्हणत निघायचं, याला गाव बघणं म्हणत नाहीत. कोहा, कुंड, बोरी आणि त्यानंतर आणखी काही गावांनी वाघासाठी आपली जुनी जागा सोडली आहे. ज्या रानात आज सफारी फिरते तिथे कुणाचं शेत होतं, कुणाचे पूर्वज पुरलेले आहेत. पाहुण्याला हे ठाऊक असलं पाहिजे आणि ते गाइडनं सांगितलं पाहिजे.

ग्रामसभेनं आपले नियम ठरवून गावच्या वेशीवर लिहावेत. गाडी वेशीबाहेर. गावात फिरताना गावचा माणूस सोबत. फोटो विचारून. मुलांना खाऊ किंवा पैसे देऊ नयेत, द्यायचंच असेल तर शाळेत गुरुजींकडे वह्या द्याव्यात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. त्या दिवसांत रस्त्यावर पोरं-बाया फगवा (होळीचे पैसे) मागतात, तेव्हा चिडायचं नाही आणि त्याचा तमाशाही करायचा नाही. मेघनाथाच्या पूजेत ड्रोन उडवायचा नाही.

पाहुण्याला जेवायला काय द्यावं? कुटकीचा भात, मक्याची किंवा ज्वारीची भाकर, रानभाजी, मोहाचे लाडू. मोथ्याची स्ट्रॉबेरी, गवळ्यांचा खवा आणि रबडी, चिखलदऱ्याची कॉफी, लवाद्याच्या बांबू केंद्रातल्या वस्तू. शहरातून आणलेल्या पुड्या विकण्यापेक्षा यात पैसा जास्त उरतो आणि कचरा जवळपास शून्य. दर एकदा ठरवा आणि फळ्यावर लिहा, म्हणजे घासाघीस होत नाही.

गर्दीचा हिशोब मांडा

"खूप गर्दी होते" असं म्हणून नगर परिषद किंवा वनखातं हलत नाही. आकडा मांडा. समजा एका पॉइंटवर ३० गाड्या नीट उभ्या राहतात आणि एक गाडी सरासरी तासभर थांबते. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, आठ तासांत २४० गाड्या. गाडीमागे चार माणसं धरली तर ९६० जण, म्हणजे तासाला १२०. आता शौचालयाच्या चार खोल्या आहेत असं धरा. एकाला पाच मिनिटं लागली तर तासाला ४८ जणांची सोय होते. निम्म्या लोकांना जायचं असलं तरी ६० होतात. म्हणजे जागा ३० गाड्यांची असली तरी सोय त्याहून कमी माणसांची आहे, आणि उरलेली माणसं झाडामागे जातात. सगळ्यांत हाल बायांचे होतात.

बरं, नवी शौचालयं बांधली तरी पाणी? इथला काळा कातळ पाणी फार धरून ठेवत नाही. पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि उन्हाळ्यात चिखलदऱ्याला टँकरची वाट पाहावी लागते. दोन खड्ड्यांचं शौचालय आणि पावसाच्या पाण्याची टाकी एकदमच बांधा, आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला खड्डा घेऊच नका. कातळाच्या भेगांतून घाण थेट पाण्यात उतरते.

हा हिशोब हातात असला की संख्या बांधायची मागणी करता येते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात आगाऊ नोंदणी आणि ठरावीक संख्या, अशी पद्धत आहे आणि तिथली व्यवस्था भोवतालच्या गावांची समिती बघते. आपल्याकडे सुरुवात छोटी असू द्या : श्रावणातल्या शनिवार-रविवारी खासगी गाड्या खाली लावून वर एसटीच्या फेऱ्या. परतवाडा आगाराला महिनाभर आधी पत्र द्या, सोबत हा हिशोब जोडा.

पैसा आणि वही

वाहनतळ, पिशवी, रोडग्याची जागा यांतून येणारा पैसा पावतीनं घ्या आणि समितीच्या बँक खात्यात ठेवा. गावातल्या प्रत्येकाला हिशोब बघता आला पाहिजे. नाक्यावर उभं राहणाऱ्यांना रोजंदारी मिळाली पाहिजे. फुकटची सेवा पहिल्या हंगामात जोमात चालते आणि दुसऱ्या हंगामात कुणी फिरकत नाही.

काम होतंय की नाही हे बघायला मोठ्या पाहणीची गरज नाही. दिलेल्या आणि परत आलेल्या पिशव्या, लाल खुणांच्या जागी सोमवारी गोळा झालेला कचरा (पोत्यांत मोजा), रस्त्यावर मेलेले प्राणी, विझवाव्या लागलेल्या आगी. चार रकाने, एक वही. शाळेतली मोठी मुलं हे उत्तम करतात, आणि घरी जाऊन बोलतातही.

पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ही वही वाचून दाखवा. ज्या लाल खुणेवर पोती कमी झाली नाहीत तिथली पाटी काढा आणि माणूस उभा करा. त्याच सभेत रोडग्याच्या जागेची माणसं आणि आगीच्या हंगामातल्या नाक्याच्या पाळ्या ठरवून घ्या. दिवाळीनंतर कापूस वेचणीला माणसं खाली जातात, मग बहिरम लागतो, आणि फेब्रुवारी उजाडला की कुणीच सापडत नाही.